मिठागरचा दिवाण

शहाबाज, सीबीडी बेलापूर
बुधवार, ९ जुलै १९९७

चि. हिराजी,

तुला आणि जयमालाला दादाचा आशीर्वाद. इकडे सगळे आहेत तसे आहेत. आईचा गुडघा वाकत नाही आणि जीभ थांबत नाही. तुझ्या वहिनीने या वर्षी कोलिमाचं लोणचं घातलंय, तुझी बरणी वेगळी काढून ठेवली आहे. वापीला पोस्टाने पाठवलं तर त्या बारीक मासळीच्या वासाने सगळी टपाल कचेरी तुला शिव्या देईल, म्हणून नेणारं कुणी मिळेपर्यंत ती इथेच राहील. तूच आलास तर प्रश्नच नाही.

तुझी फ्लॉपी सोमवारी मिळाली. दोन पुठ्ठ्यांच्या मधे नीट ठेवलेली, पाकिटावर 'चुंबकापासून लांब ठेवणे'. अक्षर जयमालाचं वाटलं. पत्र नव्हतं. आधीच्या दोन फ्लॉप्यांबरोबरही नव्हतं. असू दे, राग असताना माणूस लिहीत नाही, पण खेळतोस हे काय कमी आहे? आई दारातच उभी होती. "हिराजीचा पाकीट आला का रं?" म्हटलं आला, पण आत पत्र नाही. तर म्हणते, "मना कुठं वाचाया येतंय? पाकीट आला म्हंजे पोऱ्या बरा हाय." मग तिने ते रिकामं पाकीट घेतलं आणि देवाच्या फळीवर ठेवलं. तीन झाली आता तिथे.

जाई परवा विचारत होती, "बाबा, तुम्ही आणि काका पोस्टाने नेमकं काय खेळता?" कॉलेजात इतिहास घेतलाय ना, चौकशा फार. मी तिला सांगितलं, नकाशावर बारा राज्यं आहेत. माझं मोठं, नाव बेलापूर. काकाचं खाडीकाठचं लहान, नाव मिठागर. मी माझा डाव खेळून फ्लॉपीवर उतरवतो आणि पाठवतो, काका त्याचा खेळून परत पाठवतो. काकाचं राज्य एकटं टिकणार नाही, म्हणून आमचा करार आहे. मी लढाई पुकारली की त्याची फौज आपोआप माझ्या बाजूने येते. त्याच्यावर कुणी चालून आलं तर मशिन मला विचारतं, मदत करणार का, हो की नाही.

"म्हणजे काका तुमचे मांडलिक," ती म्हणाली.

"मांडलिक कसला? दोस्त."

"त्याने आपोआप यायचं आणि तुम्हाला मात्र विचारायचं? दोस्तीत असं नसतं हो बाबा."

पोरगी वकील व्हायची. मी हसलो आणि चहा मागवला.

पण एक सांगतो. उत्तरेच्या राजावर मी लढाई पुकारली आणि तू लगेच दोन पलटणी घाटाच्या तोंडाशी आणून ठेवल्यास, हे बघून मला फार बरं वाटलं. तुझा हात मी ओळखतो रे. गिऱ्हाईक फोनवर बोंब मारतं, मशिन चालत नाही. मी म्हणतो, बोलू नका, रिसीव्हर मशिनजवळ धरा. आवाजावरून सांगतो, हार्ड डिस्क गेली की नुसता पंखा अडकलाय. ज्याला मशिनचं कळतं त्याला सख्ख्या भावाच्या चालीतलं कळणार नाही?

आपण दोघांनी जोडलेलं पहिलं मशिन तू घेऊन गेलास, ते बरं केलंस.

शाळेच्या विषयावर मी काही लिहीत नाही. ते झालं, मिटलं. दुकानात तुझं स्टूल आहे तिथेच आहे, त्यावर कुणाला बसू देत नाही. सवड झाली की एक ओळ लिही. शिवी लिहिलीस तरी चालेल.

तुझा,
दादा


शहाबाज
सोमवार, ३ नोव्हेंबर १९९७

चि. हिराजी,

आशीर्वाद. दिवाळी झाली. आईने तुमच्या दोघांच्या नावाने करंज्या काढून ठेवल्या होत्या. चार दिवसांनी मुंग्या लागल्या, तेव्हा मलाच खाव्या लागल्या. झटकून.

आजचं पत्र माफीचं आहे. आधी गेममधल्या चुकीची मागतो.

तुझी मागची फ्लॉपी आली तेव्हा दुकानात गर्दी होती. दुपारी शटर अर्धं ओढून घाईघाईने डाव उघडला. सुरुवातीला नेहमीसारखे खलिते आले, कुठे पूर, कुठे पीक, कुठल्या राजाला मुलगा झाला. ते मी कधी वाचत नाही, पटापट बटण दाबत पुढे जातो. त्यात तुझाही एक होता. पूर्वेचा राजा मिठागरवर चालून आलाय, बेलापूरने यावं. मी तो न वाचता पुढे सरकलो, डाव संपवला आणि पोस्टात टाकला.

आता फ्लॉपी परत आली तर मिठागरची राजधानी पडलेली. मी चक्रावलो. पुस्तिका काढून जाईकडून वाचून घेतली. तिथे लिहिलंय, मांडलिकाच्या हाकेला उत्तर न देता डाव संपवला तर तो नकार धरला जातो.

नाही म्हणायलासुद्धा लागत नाही, हिराजी. गप्प राहिलं की झालं.

आणि एवढं होऊनही तुझ्या उरलेल्या दोन पलटणी उत्तरेच्या लढाईत माझ्याच बाजूला उभ्या आहेत. राजधानी गेली तरी त्या हलल्या नाहीत. ते बघितलं आणि स्क्रीनसमोर बसवेना. उठून बाहेर टपरीवर जाऊन उभा राहिलो.

शाळेचं लिहिणार नाही म्हणालो होतो, पण लिहितो.

शाळेच्या मार्चमधल्या त्या सभेत कमिटीने आपण पुरवलेलं एक मशिन टेबलावर आणून सगळ्यांसमोर चालू केलं. चालू होताना मशिन मेमरी मोजतं, टिकटिक करत. सगळे आकड्याकडे बघत होते, मी भिंतीकडे. मला बघायची गरज नव्हती. टिकटिक अर्ध्यातच थांबली. सोळा एमबीचं मशिन आणि आवाज आठाचा. आकडा दुसऱ्या कुणाला कळायच्या आत मला कळलं होतं.

चेअरमन म्हणाले, "बिलावर सोळा आहे. मेमरीच्या बाकीच्या पट्ट्या कुठे गेल्या? ही मशिनं जोडली कुणी?"

तू उभा राहिलास. "मी जोडली."

"म्हणजे पट्ट्या काढल्या त्या तुम्हीच."

तू फक्त माझ्याकडे एकदा बघितलंस. मग चेअरमनने मला विचारलं, "गोटीरामशेठ, तुम्हाला काही सांगायचंय?"

माझ्यापुढे चहाचा कप होता. त्यावर साय धरली होती. मी त्या सायीकडे बघत राहिलो.

तुला वाटलं असेल, दादा बोलेल. मलाही वाटलं होतं, मी बोलेन.

पुढच्या डावात तुझी राजधानी सोडवायला मी सगळी फौज पाठवली आहे, फ्लॉपी उघडशील तेव्हा दिसेल. आई रोज विचारते. एक ओळ लिही रे.

तुझा दादा


शहाबाज
रविवार, २२ फेब्रुवारी १९९८

चि. हिराजी आणि सौ. जयमाला,

आशीर्वाद. आनंदाची बातमी पहिली. जाईचं ठरलं. मुलगा उरणचा, बंदरात नोकरीला आहे, नाव पार्थ. स्वभावाने गरीब आहे, म्हणजे आपल्या जाईपुढे टिकेल. लग्न २९ एप्रिलला. मुहूर्तमेढ रविवारी २६ तारखेला, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी.

आपल्या घरची रीत तुला सांगायला नको. मांडवाची पहिली मेढ दोन सख्ख्या भावांनी धरायची. बाबा आणि काका बोलत नव्हते, मिठागराच्या बांधावरून एकमेकांवर फावडी उगारली होती, तरी माझ्या लग्नात दोघांनी मेढ धरली. तोंडं दोन दिशांना, पण हात एका लाकडावर. तू तेव्हा खड्ड्यात तांदूळ टाकायला पुढे होतास आणि स्वतःच खड्ड्यात पडलास, ते गावात अजून सांगतात.

तू आला पाहिजेस. दुसरं काही मागत नाही.

आणि तू यावंस म्हणून, जे तुला माहीत आहे तेच आता माझ्या हाताने लिहून देतो. कागद जवळ ठेव, वाटलं तर कुणालाही दाखव.

पट्ट्या चोरीला गेल्याच नव्हत्या. त्या घातल्याच नव्हत्या. मी शाळेला भाव दिला आणि आठवड्यात मेमरीचा दर चढला. त्या भावात सोळा घातली असती तर मला खोट बसली असती. मी तुला म्हटलं, बारा मशिनांत आठच घाल. तू म्हणालास, "दादा, कागदावर सोळा हाय." मी म्हटलं, "दर उतरला की भरून टाकू, कोण बघतंय?" मग तू म्हणालास, "तू सांगतोस म्हणून घालतो." आणि जोडणीच्या कागदावर सही तू केलीस, कारण दुकानात सह्या नेहमी तूच करायचास. माझं अक्षर घाणेरडं म्हणून.

दोन महिन्यांनी दर उतरला. तोवर मी विसरलो होतो. खरं सांगायचं तर विसरलो नव्हतो.

तू दहावीला असताना मी रेडिओ दुरुस्तीचं खोकं टाकलं. "बस रे तासभर," म्हटलं, आणि तू सोळा वर्षं बसलास. टीव्ही आले, बसलास. कॉम्प्युटर आले, मी बाहेर हात मिळवत फिरलो आणि तू आत सोल्डरिंगचे डाग लावत बसलास. लोक म्हणतात, गोटीराम मिठागरातून वर आला, स्वतःच्या बळावर. मी मान डोलावतो. मी तुला कधी विचारलं नाही आणि तू कधी नाही म्हणाला नाहीस. कराराप्रमाणे येत राहिलास.

शाळेत जाऊन हे सांगायला हवं, कळतं मला. पण आत्ता सांगितलं तर उरणला कळेल, आणि जाईचं लग्न तोंडावर आहे. लग्न झालं की पहिलं काम तेच करतो. हे वाचून तू म्हणशील, दादा अजून दर उतरायची वाट बघतोय. म्हण.

एक मात्र आत्ताच केलंय. सोबतच्या फ्लॉपीत बघ. राजधानी तुला परत मिळाली आहे आणि करार मी मोडून टाकलाय. 'मांडलिकाला मुक्त करणे' असं एक बटण आहे, ते दाबलं. मिठागर आता कुणाचं मांडलिक नाही. माझ्याशी लढायचं तरी लढ, तुझी मर्जी.

२६ तारखेला बरोबरीचा भाऊ म्हणून ये. मेढ जड आहे, आणि मी आता पन्नाशीला आलो.

वाट बघणारा,
दादा


शहाबाज
रविवार, १० मे १९९८

हिराजी,

लग्न झालं. जाई सुखात आहे.

तुमची शेवटची फ्लॉपी एप्रिलच्या सुरुवातीला आली. दुकानातच पाकीट फाडलं, फ्लॉपी ओढून काढली, डाव उघडला. पहिलाच खलिता मिठागरचा. या वेळी वाचला. 'महाराजांच्या छत्राखाली पुन्हा येण्याची आमची विनंती आहे.' मी मोकळं केलेलं राज्य आपणहून परत येत होतं. हिराजी, मी पन्नास वर्षांचा माणूस दुकानातून घरापर्यंत धावत गेलो. आईला म्हटलं, "हिराजी येतोय. त्याने कळवलंय."

तिने विचारलं, "तोच बोलला?"

मी म्हटलं, "तोच."

त्या दिवसापासून आईचा गुडघा दुखायचा थांबला. तुझं अंथरूण उन्हात घातलं. गावभर सांगत फिरली, मेढ धराया माजा धाकटा येतोय.

२६ तारखेला साडेआठला सगळे जमले. नऊ वाजले. भटजी घड्याळ बघायला लागले. नऊ वाजून दहा झाले. चुलत्यातला आप्पा पुढे झाला, म्हणाला, "मी धरतो दुसऱ्या बाजूने." आईने त्याचा हात झटकला. "थांबा. माजा पोऱ्या येल." साडेनऊला भटजी म्हणाले, वेळ टळली. तेव्हा आई उठली आणि तुझ्या बाजूने तिने स्वतः मेढ धरली. शहात्तर वर्षांची बाई. लाकूड खड्ड्यात उतरेपर्यंत तिने सोडलं नाही. माझ्याकडे बघितलंही नाही.

लग्नानंतर चार दिवसांनी उरलेल्या सुपाऱ्या बांधायला पुठ्ठा हवा होता. तुमच्या पाकिटातले दोन पुठ्ठे टेबलाखाली पडले होते. उचलले तर मधून जयमालाची चिठ्ठी पडली. महिनाभर तिथेच होती. मी फ्लॉपी काढली आणि बाकीचं बघितलंच नाही.

चिठ्ठी इथे उतरवतो, म्हणजे मी वाचली हे जयमालाला कळेल.

'दादांना नमस्कार. जाईच्या लग्नाची छापील पत्रिका मिळाली, पण हे लग्नाला येणार नाहीत. मी खूप सांगून बघितलं. आईंना अगोदर हळूच सांगा, त्यांना वाट बघायला लावू नका. आणखी एक. तुमची पहिली फ्लॉपी आली तेव्हा ह्यांनी ती मशिनमध्ये घातली, कुठलंतरी बटण दाबलं आणि म्हणाले, आता राज्य दिवाणाकडे दिलं, ते आपलं आपण चालेल, दादाला कळायचं नाही. त्यानंतर ते मशिनला बसलेले नाहीत. मी फ्लॉपी घालते, एक बटण दाबते, घरघर थांबली की काढते आणि पोस्टात टाकते. आईंना पाकीट मिळावं म्हणून ह्यांनीच तेवढं करायला सांगितलं. तुमची पत्रं त्यांनी उघडली नाहीत. मीही नाही. बिस्किटाच्या डब्यात ठेवली आहेत.'

मी डाव उघडला. राजांच्या यादीचं एक पान आहे, ते मी कधी बघत नाही. मिठागरच्या राजाच्या चित्राशेजारी एक छोटी दौत काढलेली होती. दौत म्हणजे कारभार दिवाणाकडे. पहिल्या फ्लॉपीपासून होती.

घाटाच्या तोंडाशी पलटणी आणून ठेवल्या त्या यंत्राने. राजधानी पडल्यावरही माझ्या बाजूला उभं राहिलं ते यंत्र. करारात तसं आहे म्हणून. मोकळं केल्यावर पुन्हा मांडलिक करा म्हणून अर्ज टाकला तोही त्यानेच, लहान राज्यांचा तसा हिशेबच असतो. खऱ्या हिराजीने तो अर्ज कधी टाकला नसता. तिथे तरी मला कळायला हवं होतं. वर्षभर मी एका दिवाणाच्या चाली वाचून डोळे पुसत होतो, आणि गावाला सांगत होतो की माझे कान तिखट आहेत.

मंगळवारी शाळेत गेलो. लग्न झालं की जाईन म्हणालो होतो ना. चेअरमन गेल्या दिवाळीत वारले. हेडमास्तर बदलून गेले. नव्या बाई भल्या आहेत, बसा म्हणाल्या. मी सगळं सांगितलं, मेमरी, बिल, सही, तुझं नाव. त्या मधेच म्हणाल्या, "अहो, ती मशिनं तर आम्ही मार्चमध्येच भंगारात काढली. आता काय त्याचं?" मी म्हटलं, "माझ्या भावाचं नाव." त्यांनी जुनी फाईल मागवली. ती सापडली नाही. शिपाई म्हणाला, "हां, तो पट्ट्या चोरणारा कारागीर ना?" फाईल नाही, मशिनं नाहीत, सभेतलं कुणी नाही. तेवढं मात्र शिपायाला पाठ आहे. त्याच्यापुढे मी दोनदा सांगितलं की चोर तो नव्हे. तो "बरं शेठ" म्हणाला आणि चहाचे कप उचलून घेऊन गेला.

आणि तीन पत्रांत जे लिहिलं नाही ते आता लिहितो. हे डब्यातच जाणार आहे, म्हणून लिहायला जमतंय बहुतेक.

त्या सभेत मी गप्प राहिलो असं मी लिहिलं. खोटं आहे ते. गप्प राहिलो असतो तर बरं झालं असतं. चहावरची साय बोटाने बाजूला केली, हसलो, नेहमीसारखा, आणि म्हणालो, "साहेब, घरचा माणूस आहे, पोलिसात नको. मी त्याला दुकानातून काढतो." सगळ्यांना बरं वाटलं. चेअरमन म्हणाले, मोठ्या मनाचे आहात. तू तसाच उभा होतास. मग खिशातून दुकानाची किल्ली काढलीस आणि माझ्या कपाशेजारी ठेवलीस. तिचा आवाज झाला नाही, इतकी हळू ठेवलीस.

तो आवाज मी रोज ऐकतो.

आईला अजून सांगितलेलं नाही. काल तिने विचारलं, "पाकीट तोच धाडत होता ना रं?" मी हो म्हटलं. अजून किती दिवस हो म्हणेन माहीत नाही. तिने देवाच्या फळीवरची सगळी पाकिटं उतरवली, पदराने पुसली आणि परत ठेवली.

जयमाला, हे पत्रही न उघडता ठेवशील हे मला माहीत आहे, म्हणून तुझ्यासाठी पाकिटाच्या बाहेरच एक ओळ लिहितो आहे. इथेही लिहून ठेवतो: फ्लॉपी आता नको, मशिन बंद करून टाका. पण दोन महिन्यांनी एक पाकीट पाठवत जा. रिकामं चालेल. इथे उघडायचं माझ्याच हातात आहे.

लोणच्याची बरणी अजून आहे.

तुला दुकानातून काढणारा,
गोटीराम